तीन पट्ट्या खाली

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. जुनी म्हटलं की लगेच फुंकर मारायला पुढे येऊ नका. माझ्यावर धूळ नाही. निल्दा मला दर रविवारी मऊ फडक्यानं पुसते आणि तिच्या पुसण्याला कुणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत. अंगावर एक लांब ओरखडा आहे, कव्हरचा एक कोपरा उंदरानं खाल्लाय, बाकी आवाज खणखणीत. तो आवाज किती वेगानं ऐकायचा, यावरून मात्र या घरात एकदा मोठं रामायण झालं. तेच सांगते, नीट बसा.

माझा जन्म बुएनोस आयरेसमधल्या एका कारखान्यात झाला. काळ्या लगद्याचा गरम गोळा, वर एक साचा, खाली एक साचा, मध्ये वाफेचा चटका, आणि असा दाब की देव आठवावा. साचा उघडला तेव्हा माझ्या अंगभर बारीक रेषा उमटल्या होत्या आणि त्या रेषांत गाणी होती. कडा कापणाऱ्या बाईनं मला उजेडाकडे धरलं आणि म्हणाली, "ही बघ, कशी लख्ख निघाली!" ती माझी पहिली शाबासकी. मी अजून विसरलेले नाही.

आणि गाणी कुणाची? तोरो मान्सोची! तोरो मान्सो म्हणजे गरीब बैल, पण त्या बँडमधल्या चौघांत गरीब एकही नव्हता. चौघंही आधी आपापल्या नावाजलेल्या बँडमध्ये राजे होते. ते बँड भांडणांपायी फुटले आणि हे चार राजे एकत्र आले. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, इथे तर चार! गिटारवाला म्हणे, माझी गिटार सगळ्यांच्या वर ऐकू आली पाहिजे. ड्रमवाला म्हणे, मग मी निघालो घरी. तरी त्या ओढाताणीतून जे निघालं, ते ऐकून छातीत धडधड व्हायची. वर्ष सरायच्या आत चौघं पुन्हा चार दिशांना गेले. पहिली तबकडी, तीच शेवटची. पण तिनं आपलं काम केलं होतं. देशभरची पोरं गिटारी घेऊन गॅरेजात शिरली आणि गायक फाउस्तो इरियार्तेसारखी किंचाळायला लागली. फाउस्तोचा आवाज इतका उंच आणि धारदार, की दाढी करताना ऐकला तर गाल कापावा. त्याची नक्कल करता करता कितीतरी पोरांचे गळे बसले.

मला मात्र नशिबानं बेरिसोला आणलं. नदीकाठचं बंदर, मांसाचे कारखाने, आणि कुठून कुठून बोटीनं येऊन इथेच राहिलेली माणसं. सावचुक कुटुंब मूळचं युक्रेनचं. आई स्तेफानिया कारखान्यात मांसाचे डबे भरायची. थोरला ओरेस्ते सायकली दुरुस्त करायचा, आणि धाकटी निल्दा शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. ओरेस्तेनं मला जवळच्या ला प्लाता शहरातल्या दुकानातून आणलं. त्याच आठवड्यात त्यांचा बासिलिओमामा बोटीवरून परतला होता, आणि येताना त्यानं उत्तर अमेरिकेतून एक रेकॉर्ड प्लेयर आणला होता. घरातला तो पहिला रेकॉर्ड प्लेयर आणि मी पहिली तबकडी.

"तिकडची मशीनं इथे सरळ लावली की जळतात," मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. मग त्यानं रुबाबात एक जाडजूड ट्रान्सफॉर्मर मध्ये जोडला. मशीन जळलं नाही. सगळ्यांनी मामाची पाठ थोपटली.

पण मित्रांनो, ट्रान्सफॉर्मर विजेचा जोर कमी करतो, तिची चाल बदलत नाही. तिकडची वीज सेकंदाला साठ झोके घेते, आमची पन्नास. मशीनची मोटर विजेच्या झोक्यावर चालणारी. त्यामुळे ती इथे हळू फिरायला लागली, आणि तिच्याबरोबर मीही. माझी गाणी सुस्तावली आणि तीन पट्ट्या खाली उतरली. बंदरावरच्या निम्म्या घरांत अशी बोटीनं आलेली मशीनं होती, आणि प्रत्येक घरात असाच एक हुशार मामा होता. म्हणून कुणाला संशयच आला नाही. रेडिओवर असलं संगीत लागत नसे. लांब केसांच्या पोरांना पोलीस रस्त्यात अडवायचे, ते दिवस. मी सुईखाली फिरता फिरता जीव तोडून सांगत होते, अरे, मला पळू द्या! पण माझं सांगणंही त्याच सुईतून बाहेर पडणार. कोण ऐकतो!

संशय आला तो फक्त स्तेफानियाला.

"हा माणूस भरपेट जेवून गायला बसलाय," ती कणीक मळता मळता म्हणाली. "बघ, पेंगतोय."

"ताई, याला जड संगीत म्हणतात," मामा म्हणाला. "जड वस्तू हळूच चालते. बंदरात बोट लागताना बघितली नाहीस कधी?"

स्तेफानियानं नाक मुरडलं. मग त्याच कणकेच्या वारेनिकी, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, वळायला लागली.

सगळे जेवायला उठले, पण निल्दा माझ्यापाशीच बसून राहिली. तिची गोष्ट मला नंतर कळली. निल्दाचा आवाज खर्जातला. बाकीच्या मुली चिमण्यांसारख्या चिवचिवायच्या आणि हिनं तोंड उघडलं की लोक मागे वळून बघायचे, कोण बाप्या आला म्हणून. चर्चमध्ये गाणी बसवणाऱ्या बाईंनी तिला बाजूला घेऊन गोड आवाजात सांगितलं होतं, "निल्दा, तू नुसते ओठ हलव हं. आवाज काढू नकोस." तेव्हापासून पोर नुसते ओठ हलवत होती. चर्चमध्ये, शाळेत, वाढदिवसालासुद्धा.

त्या दुपारी माझं तिसरं गाणं लागलं होतं. बंदरावर परतणाऱ्या खलाशाचं गाणं. "दार लावू नकोस, मी येतोय अजून," असं फाउस्तो त्यात पुन्हा पुन्हा म्हणतो. तीन पट्ट्या खाली उतरलेला फाउस्तो. निल्दानं आधी ओठ हलवले. मग हळूच आवाज लावला. आवाज त्याच्या आवाजावर असा बसला, जसं भांड्यावर त्याचंच झाकण बसावं. ती दचकली. इकडेतिकडे बघितलं. पुन्हा गायली, या वेळी मोठ्यानं.

"आई!" ती स्वयंपाकघराकडे ओरडली. "याचा आवाज माझ्यासारखा आहे!"

मित्रांनो, त्या क्षणी मला पळण्याची इच्छाच राहिली नाही. हळू तर हळू, म्हटलं. हिच्यासाठी जन्मभर हळू फिरेन.

मग ओरेस्तेनं गिटार घेतली. माझ्या सुरांशी जुळवायला त्यानं तारा इतक्या सैल सोडल्या, की त्या कपडे वाळत घातलेल्या दोरीसारख्या लोंबायच्या. शेजारचा आर्मेनियन आर्सेन ड्रम बडवायला आला. इतकं हळू वाजवताना त्याच्या कपाळाला घाम यायचा. "अरे बाबा, एका ठोक्यानंतर दुसरा येईपर्यंत माझं जेवण होतं!" तो कुरकुरायचा. पण त्यांचं गाणं ऐकायला नुएवा यॉर्क रस्त्यावरची माणसं दाराशी उभी राहायची. कारखान्यातून सुटलेल्या बाया खिडकीतून डोकावायच्या. निल्दा गायला लागली की गडबड आपोआप थांबायची. कुणी हसायचं नाही. गल्लीतली इतर पोरं माझी गाणी आता माझ्याकडून नाही, निल्दाकडून शिकायला लागली. मला जरासं लागलं, खोटं कशाला बोलू? पण अभिमानही वाटला.

दोन हिवाळे असे गेले. मग ला प्लातातल्या एका क्लबात नव्या बँडची स्पर्धा ठरली. तिघं बसनं निघाले. निल्दानं मला छातीशी धरून नेलं. काही लोक प्रवासाला निघताना संताची तसबीर नेतात, तशी तिनं मला नेली.

मंचावर त्यांनी तेच खलाशाचं गाणं सुरू केलं. समोर शहरातली पोरं होती, माझ्या बहिणी वाजवून वाजवून झिजवलेली. आधी कुजबुज झाली, मग हशा. "गाडीतलं पेट्रोल संपलं काय?" कुणीतरी ओरडलं. "ए, बैल झोपला!" दुसरा म्हणाला. सगळे टाळ्या वाजवून वेग वाढवायला सांगू लागले. निल्दाला कळेना, आपलं चुकलं काय. तिनं गाणं तरीही पुरं केलं. तेवढा ताठा तिच्यात होता.

खाली उतरल्यावर एक दाढीवाला तरुण पुढे आला. वाईट नव्हता तो, पण शहाणा होता, आणि शहाण्यांना दम धरवत नाही. "कुठून शिकलात हे?" त्यानं विचारलं. निल्दानं मला पुढे केलं. त्यानं मला क्लबाच्या मशीनवर ठेवलं आणि सुई टेकवली.

मी पळाले! मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा मी माझ्या खऱ्या वेगानं पळाले. अंगातली प्रत्येक रेष जागी झाली. ड्रम धडाडले, आणि फाउस्तोचा तो उंच, लखलखता आवाज छताला जाऊन भिडला. काय सुख होतं ते! आणि तेवढ्यात मला निल्दा दिसली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"हा... हा कोण आहे?" ती म्हणाली.

"हाच फाउस्तो इरियार्ते," दाढीवाला हसला. "तुमचं मशीन हळू फिरतं. तुम्ही ऐकलात तो माणूस जगात नाहीच, पोरी."

निल्दानं मला खसकन ओढून घेतलं. सुई माझ्या अंगावरून फरफटत गेली. तो हा ओरखडा. मला दुखलं, पण तिच्यापुढे माझं दुखणं काहीच नव्हतं.

घरी येऊन तिनं मला कपाटात ढकललं. ओरेस्ते समजूत काढत होता. मामा तर बिचारा शरमेनं कोपऱ्यात टोपी चुरगाळत बसला होता.

"मला वाटलं, माझ्यासारखं गाणारं कुणीतरी आहे," निल्दा म्हणाली. "कुणीच नव्हतं. यंत्र खराब होतं, बस."

"अगं, मग तू तुझ्यासारखी गा," स्तेफानिया म्हणाली.

"तुला काय कळतं गं, आई!"

आणि निल्दाचं गाणं थांबलं. थांबलं म्हणजे थांबलंच. मी क्विन्सच्या मुरंब्याच्या बरण्यांमागे पडून राहिले. बरण्या भरायच्या, रिकाम्या व्हायच्या, पुन्हा भरायच्या. कपाटाचं दार उघडलं की तिचा हात दिसायचा, आधी तरुण, मग संसारी, मग सुरकुतलेला. तो बरणी उचलायचा आणि जायचा. एकदा उंदीर आला आणि माझ्या कव्हरवरच्या बैलाचा एक पाय खाऊन गेला. मामा गेला, स्तेफानिया गेली, तेव्हा घरात दबलेले आवाज ऐकू आले. गाणं कधीच नाही. नातवंडांच्या वाढदिवसालाही ती नुसते ओठ हलवायची, हे मला ओरेस्तेच्या बोलण्यातून कळलं. फार वाईट वाटायचं हो.

पण बाहेर काहीतरी चालू होतं, ते मला ठाऊक नव्हतं. ओरेस्ते आणि आर्सेन गप्प बसले नव्हते. "ला प्लातावाल्यांनी आम्हाला वेग शिकवायचा? हॅट!" म्हणत त्यांनी मुद्दाम तसंच, हळू आणि खाली, वाजवणं चालू ठेवलं. त्यांच्याकडून गल्लीतली पोरं शिकली, त्यांच्याकडून त्यांची पोरं. शहरवाले त्याला चेष्टेनं बेरिसोची बैलगाडी म्हणायचे. बेरिसोवाले म्हणायचे, बैलगाडीत माल जास्त बसतो!

मग एका थंडीच्या सकाळी दारावर थाप पडली. निल्दा बरणी काढत होती. कपाट उघडंच राहिलं, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

दारात एक म्हातारा होता. टक्कल, गळ्याभोवती मफलर, हातात बेकरीतल्या गोड पावांचा पुडा.

"निल्दा सावचुक इथेच राहतात का?"

"मी काही विकत घेत नाही," निल्दा म्हणाली. "आणि देवाबद्दल बोलायचं असेल तर आमचा आम्हाला आहे."

"नाही हो, मी गाण्याबद्दल..."

"मग तर नाहीच." ती दार लोटायला लागली.

दाराची फट बारीक होत गेली. आणि त्या फटीतून, घसा साफ न करताच, तो गायला. "दार लावू नकोस, मी येतोय अजून."

निल्दाचा हात दारावर तसाच राहिला. तो आवाज! जाड, सावकाश, खर्जातला. मामाच्या मशीनमधून याच घरात घुमलेला, दुसरा कुणाचाच नाही. जगात नसलेला माणूस पाव घेऊन दारात उभा होता.

"तुम्ही कोण?" तिनं विचारलं, पण तिला कळलं होतं.

"फाउस्तो इरियार्ते," तो म्हणाला. "जेवढा उरलोय तेवढा."

ती त्याला आत घेऊन आली. माते या इथल्या कडवट पाल्याच्या चहासाठी पाणी तापत ठेवलं. तो पुडा सोडत बोलत राहिला. वय झालं तसा त्याचा आवाज उतरत गेला होता. उंच सूर लागेनात. "मागच्या कार्यक्रमात त्यांनी माझा तरुणपणचा आवाज टेपवर लावला," तो म्हणाला. "मी नुसते ओठ हलवले, निल्दाबाई. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी जाऊन मी आरशात बघू शकलो नाही."

निल्दानं चहाचा पेला भरला आणि त्याच्यापुढे सरकवला.

"येत्या वसंतात आम्ही उरलेले तिघं एकदा शेवटचं वाजवणार आहोत. मी नाहीच म्हणणार होतो. मग रेडिओवर इथल्या पोरांचा एक बँड ऐकला. माझंच गाणं, पण मला गाता येईल असं! त्यांना विचारलं, कुठून शिकलात रे? ती पोरं म्हणाली, आमच्या गावात ते असंच गातात, निल्दाबाईंनी लावलेली चाल आहे." त्यानं मफलर सारखा केला. "मला शिकवाल?"

"मी?" निल्दा हसली. "अहो, ती चाल नाही. ती चूक आहे. आमचं मशीन हळू फिरत होतं."

"आहे का ते मशीन?"

निल्दा उठली. बरण्या बाजूला केल्या आणि तिचा सुरकुतलेला हात पहिल्यांदाच बरणीला न लागता मला लागला. तिनं मला पदरा... छे, एप्रनच्या टोकानं पुसलं. मशीन पलंगाखाली होतं, ट्रान्सफॉर्मरसकट. ओरेस्ते दर वर्षी गुपचूप त्याला तेल घालून ठेवायचा, हेही तेव्हाच उघड झालं. सुई टेकली. ओरखड्यावर खट्‌ खट्‌ झालं, आणि मी फिरले. हळू, अगदी पूर्वीसारखी.

फाउस्तो डोळे मिटून ऐकत होता. त्याच्या गालावरून पाणी ओघळायला लागलं.

"हा मीच आहे," तो म्हणाला. "तेव्हाचा नाही, आत्ताचा. मला इथवर यायला इतकी वर्षं लागली, आणि तुम्ही पोरवयात मला ऐकून ठेवलंत."

"ला प्लातातल्या एका पोरानं मला सांगितलं होतं, असा माणूस जगात नाही म्हणून," निल्दा म्हणाली.

"तेव्हा नव्हताच," फाउस्तो म्हणाला. "गा ना. मला पहिली ओळ कुठून उचलायची ते दाखवा."

निल्दानं आधी ओठ हलवले. जुनी सवय. मी जीव मुठीत धरून फिरत होते. ओळ संपायला आली, माझी रेष संपायला आली, आणि तिनं आवाज लावला. गंजलेला होता, चिरका निघाला. फाउस्तोनं मान हलवली, "पुन्हा," म्हणाला. तिनं पुन्हा लावला. तिसऱ्या वेळी तो बसला, झाकण बसावं तसा. ओरेस्ते मागच्या दारानं आत आला, हातात सायकलचं चाक, आणि ते चाक हातात धरून तिथेच रडायला लागला. मला रडता येत नाही, मित्रांनो. मी नुसती फिरत राहिले.

वसंतात तोरो मान्सो बेरिसोच्या क्लबात वाजला, सगळी गाणी तीन पट्ट्या खाली. निल्दा फाउस्तोच्या शेजारी उभी होती आणि टेप कुठेही नव्हती. मला पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली.

आता माझी एवढीच विनवणी. तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी बरण्यांमागे पडलं असेल, तर त्याला बाहेर काढा, पुसा, आणि मुख्य म्हणजे वाजवा. ओरखड्याला भिऊ नका. आणि घरात कुणी नुसते ओठ हलवत असेल, तर त्याच्या शेजारी बसा आणि पहिली ओळ तुम्ही उचला.

परवाच्या रविवारी ओरेस्ते म्हणाला, "निल्दे, मोटरवरची एक छोटी चकती बदलली की हे मशीन बरोबर वेगानं फिरेल. पाच मिनिटांचं काम आहे."

"हात तर लावून बघ!" निल्दा म्हणाली, आणि गाता गाता तिनं मला उलटवलं.